कितवा नंबर?

मुलाच्या हाती प्रगतिपुस्तक पडले की शेजारचे काकासुद्धा विचारतात, "काय रे, कितवा नंबर?" विषय कोणता आवडला, हे कुणी विचारीत नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांआधी चढेल तो 'घाटाचा राजा'. पण तोच घाट तितकाच घाम गाळून चढणारा विसावा गडी? त्याला राजा सोडाच, प्रजा म्हणूनही आपण पुणेकर विचारीत नाही.

अशा विसाव्या माणसाचा विचार आला की मला अमेरिकेतला जे. डी. मॅकडफी आठवतो. दिसायला रोजच्या वापरातल्या, पण शर्यतीसाठी मुद्दाम बांधलेल्या मोटारी पळवणे हा त्याचा धंदा. 'नॅस्कार'च्या सर्वोच्च मालिकेत १९६३ ते १९९१ या काळात तो ६५३ शर्यती धावला आणि एकही जिंकला नाही. गाडी बहुधा स्वतःचीच, पैसा बेताचा. १९७८ साली डोव्हरला मात्र चाचणीत सर्वांत वेगवान फेरी मारून त्याने आरंभरेषेवरची पहिली जागा मिळवली. ती शर्यत जिंकली दुसऱ्यानेच!

'हरणारे असतात म्हणून जिंकणाऱ्याला शोभा,' असे सांत्वन आपण करतो. मला ते अपमानाचे वाटते. कुणाच्या मिरवणुकीत बत्ती धरण्यासाठी का कोणी अठ्ठावीस वर्षे घालवतो? सुताराला आपण 'कितवा' म्हणून विचारीत नाही. दार नीट लागते की नाही, एवढेच पाहतो. मॅकडफीचे काम मी त्याच जातीचे मानतो.

पण एवढ्यावर सुटका नाही. ११ ऑगस्ट १९९१ रोजी वॉटकिन्स ग्लेनच्या शर्यतीत पाचव्याच फेरीला त्याची गाडी आदळली आणि तो गेला. वय बावन्न. मागे घरदार. कुणीही म्हणेल, "जिंकत नव्हता, तर जीव कशाला धोक्यात घातला?"

प्रश्न खरा आहे. परंतु तो आपण हरणाऱ्यालाच का विचारतो? शंभर शर्यती जिंकलेला असाच गेला, तर त्याला आपण वीर म्हणतो. घरच्यांच्या डोळ्यांतले पाणी दोन्हीकडे सारखेच खारट. जीव पणाला लावणे चूक असेल तर ते विजेत्याचेही चूक. आणि कामावरची निष्ठा मोठी असेल, तर ती विसाव्याचीही मोठी. नंबराने यातले काहीच ठरत नाही.

दिवाळीत पोरे अंगणात किल्ले करतात. स्पर्धेत नंबर न आलेल्या किल्ल्यावरचे मावळेही तितक्याच ऐटीत उभे असतात. येता-जाता त्या किल्ल्यापाशीही घटकाभर थांबावे.