एकाला तीन

२०१९च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेत एक अट आहे. रस्ता खारफुटीतून जात असेल, तर जितकी खारफुटी जाईल तिच्या किमान तिप्पट क्षेत्रावर दुसरीकडे लागवड करायची. त्याआधीचा मुंबई उच्च न्यायालयाचा २०१८चा निकालही आहेच. त्यानुसार सार्वजनिक हिताच्या कामासाठीसुद्धा तिवरं तोडायची तर न्यायालयाची परवानगी लागते. म्हणजे कायदा बेफिकीर नाही. तरी ‘तिप्पट’ या शब्दापाशी मी अडतो. एकाचे तीन मिळाले, तर नुकसान कुठे झालं? आणि नुकसान झालंच नसेल, तर परवानगी कशाची मागायची?

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे जुना सर्व्हर काढून नवा लावणं हे नेहमीचं काम. बाहेरच्यांना तीच उत्तरं मिळत राहिली की आत काय बदललं याची कुणाला फिकीर नसते. पण जुन्या प्रणालीवर काम केलेल्या प्रत्येकाला हेही ठाऊक असतं, की कागदावर नसलेले तिचे वापर बरेच असतात. कुणीतरी तिच्या एखाद्या विचित्र सवयीवर विसंबून असतं, आणि ती बंद केल्यावरच ते कळतं. आमच्याकडे निदान तक्रारीचा फोन तरी येतो.

शिवडीचा चिखल घ्या. अटल सेतू तिथूनच निघतो. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला हा पूल २१.८ किलोमीटरचा आहे, त्यातला सुमारे १६.५ किलोमीटर समुद्रावर. हिवाळ्यापासून पावसाच्या तोंडापर्यंत या चिखलावर रोहित पक्षी येतात. लहान रोहित मुख्यतः नीलहरित शेवाळ खातो, आणि ते वाढण्यात शहराच्या सांडपाण्याचाही हात आहे. अस्पर्श निसर्ग वगैरे इथे नाही. ओहोटीला उघडा पडणारा चिखल हेच त्या पक्ष्याचं ताट. त्यावर खारफुटी दाट वाढली, तर ताट झाकलं जातं. पण झाड मोजता येतं, त्याचा फोटो अहवालात लावता येतो. चिखलाची रोपं कुठल्या रोपवाटिकेत मिळणार? त्यामुळे भरपाई झाडांत होते, आणि ती उघड्या चिखलावरच केली, तर एका अधिवासाच्या नावाने दुसरा खर्ची पडतो.

रॉबर्ट एलियट या तत्त्वज्ञाने १९८२ साली ‘फेकिंग नेचर’ या निबंधात म्हटलं, की उद्ध्वस्त करून पुन्हा हुबेहूब उभारलेला निसर्ग हा नकली कलाकृतीसारखा असतो, कारण मूल्याचा एक भाग त्या गोष्टीच्या उगमात असतो. सांडपाण्यावर पोसलेला चिखल पाहता मला हे पुरतं पटत नाही. रोहिताला अस्सलतेशी देणंघेणं नाही, त्याला शेवाळ हवं. माझा प्रश्न साधा आहे: भरपाई मिळते कुणाला?

शेजाऱ्याची भिंत पाडली, तर पैसे शेजाऱ्याला मिळतात, आणि ते पुरेसे आहेत का हे तो सांगतो. सेतूच्या कामात मच्छीमारांना भरपाई ठरली. ती अपुरी वाटली तर भांडायला ते होते. पाणथळ जागेच्या व्यवहारात मात्र तोडणारे आपण, दर ठरवणारे आपण, आणि ‘पोचलं’ अशी पावती देणारेही आपणच. ज्याचं गेलं, त्याला या व्यवहारात जागाच नाही.

म्हणून क्रमाला महत्त्व आहे. अमेरिकेत पाणथळ जागांच्या परवान्यांसाठी पर्यावरण संरक्षण संस्था आणि लष्कराचं अभियंता दल यांनी १९९०मध्ये क्रम ठरवून घेतला. आधी नुकसान टाळा, मग कमी करा, आणि तरी उरेल त्याची भरपाई करा. अडचण अशी, की तिसऱ्या पायरीचा भाव आधीच ठाऊक असला की पहिली पायरी नावापुरती उरते. नकाशावर रेघ ओढणाऱ्याला वळण घ्यायचा खर्च आणि रोपांचा खर्च शेजारी-शेजारी दिसतात, आणि रोपं स्वस्त पडतात.

रस्ते नकोत असं मी म्हणत नाही. शिवडीहून चिरल्याला लवकर पोचणाऱ्या माणसांचा वाचलेला वेळही खराच आहे. तिप्पट रोपंही लावायलाच हवीत. पण ती लावून झाल्यावरही नुकसान नुकसानच राहतं, आणि प्रत्येक रस्त्याच्या फायलीत ते तसं लिहिलेलं असावं: या कामात अमुक जागा गेली, ती परत येणार नाही, आणि ती घालवायचा निर्णय आम्ही घेतला. एवढं वाक्य लिहावं लागलं, तर सही करणारा हात क्षणभर थांबेल. आज तो थांबत नाही, कारण गणित आधीच जमलेलं असतं.