शिकवणारं पिल्लू

कोंबडीचं पिल्लू अंगावरची पिसं वाळली की दाणे टिपू लागतं. टर्कीच्या पिल्लाचं तसं नाही. दाणा पुढ्यात, पाणी शेजारी, तरी ते उपाशी मरू शकतं. त्याला खायला शिकवावं लागतं.

मुंबईतल्या गोराईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत परसदारी कोंबड्या-बदकं पाळायची रीत जुनी. अशा परसात टर्कीची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवली, तर तिला 21 ऐवजी 28 दिवस बसावं लागतं. बिचारी बसतेही! खरी कसोटी पुढचे पंधरा दिवस. उकडलेलं अंडं बारीक करायचं, वर हिरवा पाला चिरून घालायचा, कारण हिरव्या रंगाकडे टर्की ओढली जाते. भांड्यावर बोटानं टकटक करायची. पाण्याच्या ताटलीत खडे टाकायचे, नाहीतर पिल्लं त्यात बुडतात. एवढं करूनही जमलं नाही, तर कोंबडीचं एखादं पिल्लू त्यांच्यात सोडायचं. ते टिपतं, ही बघतात आणि टिपू लागतात.

टर्कीचं अप्रूप मात्र जुनं. 1612 मध्ये सरदार मुकर्रबखानानं गोव्याहून टर्की आणली, तेव्हा मुघल बादशहा जहांगीर तिच्या डोक्याचे बदलते रंग बघून थक्क झाला. त्यानं ते लिहून ठेवलं आणि त्याचा चित्रकार मन्सूरनं तिचं चित्र काढलं. दाणा कुणी भरवला, ते मात्र चित्रात येत नाही.

पण शिकवणाऱ्या कोंबडीच्या याच संगतीत टर्कीला धोकाही आहे. कोंबडीच्या आतड्यातल्या जंतांच्या अंड्यांतून ब्लॅकहेड नावाचा रोग पसरतो. कोंबडीला त्याचं फारसं काही होत नाही. टर्कीचं मात्र यकृत नासतं, शीट गंधकासारखी पिवळी पडते. जंतांची ती अंडी गांडुळांच्या पोटातही असतात. नाताळला टर्की हवी तर पिल्लं मे-जूनमध्येच आणावी लागतात, म्हणजे ती वाढतात ऐन पावसाळ्यात, ओल्या अंगणात गांडुळं वर येतात तेव्हा.

म्हणून जिनं उबवलं आणि ज्यानं शिकवलं, त्या दोघांनाही वेळीच वेगळं करावं लागतं. अनेकांना हा कृतघ्नपणा वाटतो. मला तसं वाटत नाही. शिकवणाऱ्याच्या पंखाखाली किती दिवस राहायचं, हे ठरवणंही संगोपनच आहे. घराघरांत आपण नेमके तिथेच अडखळतो.

टर्की पाळायची हौस असेल, तर पिल्लं आणण्याआधी कोंबड्यांपासून लांब, कोरड्या जागी दुसरं खुराडं बांधून घ्या.