प्रपंच, परमार्थ आणि परमुलूख: मिशनरी दांपत्याचे उत्तरायुष्य

धर्मकार्यासाठी घर सोडणाऱ्याने संसारही सोडावा, असा संकेत बहुतेक धर्मपरंपरांत आढळतो. बौद्ध भिक्खू, जैन मुनी, दशनामी संन्यासी, जेझुइट पाद्री हे सगळे एकेकटे निघतात. प्रॉटेस्टंट पंथाने हा संकेत मोडला. मार्टिन लूथरने १५२५ मध्ये मठ सोडून आलेल्या कॅथरिना फोन बोराशी लग्न केले आणि धर्मोपदेशकाचे घर हेच त्या पंथात उपदेशाचे एक साधन मानले जाऊ लागले. एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनरी महाराष्ट्रात आले ते अनेकदा बायकोसह. त्यांच्या ‘पाचारणा’त, म्हणजे देवाने कामासाठी बोलावल्याच्या जाणिवेत, चूल, मूल, दुखणीखुपणी आणि महिन्याचा हिशेब हे सगळे आपोआप येऊन पडले.

त्यातून एक प्रश्न निघतो. नवराबायको परमुलखात म्हातारे होतात, गावोगाव फिरणे थांबते, प्रवचनाला आवाज पुरत नाही, तेव्हा त्यांच्या पाचारणाचे काय उरते? ते कामाशी बांधलेले असते की जगण्याशी? नाशिकच्या इतिहासात या प्रश्नाची चांगली तपासणी होऊ शकते.

मराठी वाचकाला हा प्रश्न प्रपंच आणि परमार्थ या जोडीतून ओळखीचा आहे. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात गृहस्थाला सांगितले आहे, की अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पिकले आणि नातवंड दिसले की वनाची वाट धरावी. बायकोला मुलांवर सोपवावे किंवा सोबत न्यावे. इथे म्हातारपण म्हणजे हळूहळू सुटत जाणे. दुसरे उत्तर पैठणच्या एकनाथांचे. त्यांनी गिरिजाबाईंसह घरात राहूनच परमार्थ केला, आणि त्यांच्या आख्यायिकांत दारी आलेल्याला जेवू घालणे हे कीर्तनाइतकेच महत्त्वाचे आहे. मिशनरी दांपत्य या दोन्हींच्या मध्ये उभे राहते. वानप्रस्थाप्रमाणे ते आपला मुलूख सोडते, पण नाथांप्रमाणे घर मांडते. नाशिकला उतारवयात क्षेत्रवासासाठी येणारे जोडपे गोदेच्या काठी स्वतःची सुटका शोधत असे. त्याच गावात राहणारे पाद्रीसाहेब आणि मडमसाहेब दुसऱ्यांच्या सुटकेची चिंता वाहत होते. ती चिंता गावाने त्यांच्यावर सोपवलेली नव्हती, ही अडचण मात्र पहिल्यापासूनची.

सुरुवातीच्या काळात म्हातारपण गाठणे हेच विशेष होते. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत आले. १८२६ च्या मार्चमध्ये ते नाशिकला गेले तेव्हा गावात पटकी पसरली होती. जवळची औषधे त्यांनी रोग्यांना वाटली, आणि परतीच्या वाटेवर त्याच रोगाने ते गेले. वय जेमतेम चाळिशीचे. नाशिकला कायमचे ठाणे १८३२ मध्ये चर्च मिशनरी सोसायटीने उघडले. तिथे आलेल्या फेरार दांपत्यातील बाईंनी मुलींसाठी शाळा चालवली. मुंबईत जन्मलेला त्यांचा मुलगा फ्रेडरिक पुढे इंग्लंडमध्ये कँटरबरीचा डीन झाला. मिशनरी कुटुंबांची एक रीत त्यातून दिसते: आईबाप इथे आणि मुले विलायतेत शिकायला. दक्षिणेत कोडाईकनालची मिशनरी मुलांची शाळा १९०१ मध्ये निघाली. त्याआधी ही ताटातूट बहुतेकांच्या वाट्याला येई. मुलाचे पत्र बोटीने यायचे. सुवेझचा कालवा १८६९ मध्ये खुला होण्यापूर्वी टपालाला फार वेळ लागे, आणि पत्रात कळवलेले दुखणे पत्र हाती पडेपर्यंत एक तर बरे झालेले असे किंवा माणूस गेलेला असे.

१८५४ च्या सुमारास विल्यम सॉल्टर प्राइस यांनी नाशिकजवळ शरणपूर वसवले. ही ख्रिस्ती झालेल्या लोकांची वस्ती होती; तिथे शाळा, अनाथाश्रम, सुतारकाम आणि लोहारकाम शिकवणारे कारखाने होते. ब्रिटिश आरमाराने अरबी समुद्रात गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलेही इथे आणली जात. अशा वस्तीत मिशनरीचा बंगला हे केवळ राहण्याचे ठिकाण नसते. उन्हे चढायच्या आत कंपाउंडात फेरी, कारखान्याची पाहणी, मग नोकरचाकरांसह मराठीत उपासना. न्याहारीनंतर व्हरांड्यात औषधाची पेटी उघडायची. तापाला क्विनाइन, खरजेला मलम, जखमेला पट्टी. दुपारी हिशेब, शाळेची हजेरी, सोसायटीला पाठवायचा अहवाल. संध्याकाळी कुणाची सोयरीक, कुणाचे भांडण, कुणाची उसनवारी. या दिनक्रमात उपदेशाची वेळ थोडी आणि घरपणाची जास्त. वय वाढत जाते तसा घोड्यावरचा आणि बैलगाडीतला दौरा कमी होतो आणि व्हरांडा वाढतो. लोकांकडे जाणारा मिशनरी हळूहळू लोक ज्याच्याकडे येतात असा म्हातारा होतो.

हा बदल नवऱ्याच्या बाबतीत ठळक दिसतो, बायकोच्या बाबतीत दिसत नाही, कारण तिचे काम पहिल्यापासूनच व्हरांड्यातले आणि स्वयंपाकघरातले होते. अनाथ मुलींची देखरेख, शिवणाचा वर्ग, घरोघर जाणाऱ्या बायबलबाईंची तयारी, बाळंतिणीची विचारपूस, आल्यागेल्याचे जेवणखाण हे सगळे तिच्याकडे. तरी सोसायट्यांच्या कागदांत ती मिशनरी म्हणून क्वचितच मोजली जाई. अमेरिकन मराठी मिशन चालवणाऱ्या अमेरिकन बोर्डाच्या जुन्या याद्यांत बायकांची नोंद साहाय्यक मिशनरी म्हणून होई. स्वतंत्र पगाराचा प्रश्नच नव्हता. पाचारण दोघांना आणि नाव एकाचे, असा हा व्यवहार होता. पण उतारवयात या मांडणीतला विरोध उघडा पडतो. नवऱ्याच्या हातचे काम सुटले तरी बायकोचे सुटत नाही, आणि म्हाताऱ्या मिशनरीच्या घराला जे वजन येते ते बरेचसे तिने जोडलेल्या माणसांमुळे. मिशनचे खरे काम कोणते, या प्रश्नाचे उत्तर सोसायटीच्या अहवालापेक्षा तिच्या दिनक्रमात सापडते.

घर कोणते, हा दुसरा पेच. प्राइस १८७४ मध्ये पूर्व आफ्रिकेत गेले आणि मोंबासासमोर त्यांनी मुक्त गुलामांसाठी फ्रीअरटाउन ही वसाहत उभारली. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांचे नाव तिला दिले होते. नंतर ते इंग्लंडला परतले, तिथे धर्मगुरू म्हणून राहिले, पण १८८१ मध्ये आणि साठी ओलांडल्यावर १८८८ मध्ये पुन्हा त्यांना मोंबासाला पाठवण्यात आले. या अखेरच्या फेरीवर त्यांनी पुस्तकही लिहिले. निवृत्त माणसाला असे परत बोलावले जाते तेव्हा त्याची उपयोगिता अंगमेहनतीत नसते. जुनी ओळख, माणसांची पारख आणि दोन्ही बाजूंनी ऐकला जाणारा शब्द यांची ती गरज असते. याच किनाऱ्यावर याच्या उलट चित्रही होते. १८४६ पासून तिथे असलेले योहान्नेस रेबमान बायकोच्या मृत्यूनंतरही मोंबासाजवळच्या रबईला राहिले, आणि प्राइस पोहोचले तेव्हा त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. इतक्या वर्षांत त्यांच्याभोवती मोजकीच माणसे जमली होती, तरी ते हलले नव्हते. काही जण या टिकून राहण्याला निष्ठा म्हणतील, काही हट्ट. परत जायला घरच उरले नव्हते, ही शक्यताही त्यात धरावी लागते.

परमुलूख म्हणजे काय, याचा सर्वांत अवघड कस लागतो तो शरणपुरात वाढलेल्या आफ्रिकी जोडप्यांच्या बाबतीत. विल्यम जोन्स आणि जेमायमा, इश्माएल सेमलर आणि ग्रेस ही दोन दांपत्ये १८६४ मध्ये नाशिकहून रबईला गेली. लहानपणी गुलाम म्हणून नेलेली ही माणसे जन्मखंडात परतली ती हिंदुस्थानात घेतलेले शिक्षण, तिथल्या सवयी आणि तिथली कारागिरी घेऊन. तिकडे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. किनाऱ्यावरच्या लोकांना ते उपरे वाटत आणि युरोपीय मिशनरींना दुय्यम. पगार आणि अधिकार यांवरून खटके उडत. तरी त्यांनी आयुष्य तिथेच काढले. जोन्स आणि सेमलर यांना १८८५ मध्ये डीकनपदाची दीक्षा मिळाली. त्याच वर्षी बिशप हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारले गेले, तेव्हा त्यांचा मागे उरलेला तांडा जोन्स यांनी किनाऱ्यावर परत आणला. मालकांकडून पळून आलेल्या गुलामांना रबईत आसरा मिळाला तोही जोन्स यांच्या काळात. १८८८ मध्ये प्राइस यांना ज्या पेचासाठी जावे लागले तो याच आसऱ्यातून निर्माण झाला होता. मालकांना भरपाई देऊन १८८९ च्या आरंभी त्या लोकांना मुक्तीचे कागद देण्यात आले. म्हाताऱ्या गुरूला निस्तरावे लागले ते त्याच्या विद्यार्थ्यांनी शरणपूरचा धडा जरा जास्तच मनावर घेतल्याचे फळ. मिशनरी म्हणजे परक्या देशात गेलेला गोरा माणूस, ही व्याख्या इथे कोलमडते. जिथे राहायचे तिथे उपरेपण पत्करून दुसऱ्यासाठी घर उघडे ठेवणे, एवढीच व्याख्या शिल्लक राहते.

या व्याख्येलाही एक आक्षेप आहे. बंगल्याचे दार उघडे असले तरी तो बंगला होता. त्यात खानसामा, आया, पंखेवाला होते आणि मागे राज्यकर्त्यांचा दरारा होता. येणारा माणूस प्रेमाने येतो, गरजेने की धाकाने, हे व्हरांड्यात बसलेल्याला नेहमी कळत नाही. महाराष्ट्रात हा आक्षेप आतूनच कृतीत आणला तो नारायण वामन टिळकांनी. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या या कवीने १९१७ मध्ये अमेरिकन मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्म्याच्या भिंती आणि मिशनचा पगार यांपलीकडे ख्रिस्ताचे भक्त एकत्र यावेत, अशी ती कल्पना होती. टिळक १९१९ मध्ये गेले. नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढे त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुरे केले आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. नवऱ्याच्या परमार्थाचा प्रपंचावर पडलेला भार इतक्या मोकळेपणी आणि हसत सांगणारे पुस्तक मराठीत विरळा. घरातला पैसा संपेपर्यंत दान करणाऱ्या माणसाबरोबर संसार कसा चालतो, हे त्यातून कळते. आधीच्या मिशनरी बायकांच्या ज्या कामाची याद्यांत नोंद नाही, त्याची कल्पनाही या पुस्तकावरून करता येते.

आज नाशिकमध्ये परदेशी मिशनरी जोडपी जवळजवळ दिसत नाहीत. स्वातंत्र्यानंतर व्हिसाचे नियम कडक झाले आणि १९७० मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाल्यावर चर्चची सूत्रे पूर्णपणे इथल्या लोकांकडे आली. जगात अन्यत्र मात्र उतारवयातली मिशन वाढली आहे. लॅटर-डे सेंट्स पंथात नोकरीतून मोकळी झालेली जोडपी बरेचदा स्वखर्चाने काही महिने ते दोनएक वर्षे परदेशात राहतात, आणि तरुण प्रचारकांसारखे दारोदार फिरण्यापेक्षा दवाखाना, शिक्षण, कार्यालय अशा कामांना लागतात. मुदत ठरलेली असल्याने रेबमान यांच्यासारखे अडकून पडणे टळते. पण परमुलखात म्हातारे होण्यातून येणारी भाषेची आणि माणसांची मुरलेली ओळखही त्यांच्या वाट्याला येत नाही.

पाचारण कामाशी बांधलेले मानले तर ते शक्तीबरोबर संपते. जगण्याशी बांधलेले मानले तर ते संपत नाही, पण मग त्याची परीक्षाही जगण्यातच द्यावी लागते: घर कोणाच्या श्रमावर चालले, बायकोचे काम मोजले गेले का, सोबतच्या स्थानिक माणसाला बरोबरीचा मान मिळाला का, आणि आपण गेल्यावर त्या माणसाला स्वतःच्या बुद्धीने पुढे जाता आले का. शेवटच्या प्रश्नावर शरणपूरची बाजू भक्कम आहे, कारण जोन्स यांनी रबईत जे केले ते कोणाच्या हुकमाची वाट न पाहता केले. उरलेल्या तिन्ही प्रश्नांवर मात्र मिशनचा हिशेब अपुरा पडतो.