समुपदेशकाकडे जावे की फादरांकडे?

हा प्रश्न हल्ली आपल्या धर्मग्रामात बऱ्याचदा कानावर येतो. पूर्वी ‘समुपदेशन’ हा शब्द आपल्याला विवाहपूर्व शिबिरापुरताच माहीत होता. आता तो शाळेतून, इस्पितळातून आपल्या घरात आला आहे. काहींना वाटते, प्रायश्चित्त संस्कार असताना पैसे मोजून परक्यापुढे मन कशाला उघडे करायचे? तर काही म्हणतात, फादर काय, प्रवचनच करणार! दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी समुपदेशनाच्या खोलीत पाऊल टाकलेले असते.

घोटाळा शब्दापासूनच सुरू होतो. ‘समुपदेशन’ या शब्दाच्या पोटात ‘उपदेश’ आहे आणि बहुतेक समुपदेशक तर उपदेश करायचे कटाक्षाने टाळतात. मग ते करतात तरी काय? सगळे एकच गोष्ट करीत नाहीत. एक उदाहरण घेऊ. पन्नाशीतला एक गृहस्थ आहे. रात्री वडिलांच्या छातीत दुखू लागले, त्याला वाटले गॅस झाला असेल, सोडा देऊन झोपवले. पहाटे वडील गेले. तेव्हापासून त्याला झोप नाही. “माझ्यामुळे बाबा गेले” हे एकच वाक्य.

बोलून बरे होण्याची ही वाट व्हिएन्नात सुरू झाली. १८८० ते १८८२ या काळात डॉ. ब्रॉयर यांच्याकडे उपचार घेणाऱ्या एका तरुणीने त्याला ‘बोलण्याचा उपचार’ असे नाव दिले. पुढे फ्रॉइड यांनी त्यातून मनोविश्लेषण उभे केले. त्या पठडीतला माणूस आपल्या गृहस्थाला बालपणात नेईल. वडिलांवर कधी राग होता का, तो गिळला होता का, हे शोधील. हे काम वर्षानुवर्षे चालू शकते.

अल्बर्ट एलिस आणि एरन बेक हे दोघे अमेरिकन याच पठडीत शिकले आणि तिला कंटाळले. एलिस यांनी १९५५ च्या सुमारास वेगळी वाट धरली. मुंबईत कि. मो. फडके यांनी ती रुजवली, म्हणून मराठी वाचकांना ती थोडी ओळखीची आहे. हा समुपदेशक विचारील, “त्या रात्री तुम्हाला नेमके काय ठाऊक होते?” गृहस्थ म्हणेल, “मला कळायलाच हवे होते.” समुपदेशक त्या ‘च’वर बोट ठेवील. जे आज ठाऊक आहे ते त्या रात्री ठाऊक असायलाच हवे, हा हट्ट कुठून आला? एलिस देव मानीत नसत, पण त्यांची ही युक्ती भाविकाच्याही कामाची आहे.

कार्ल रॉजर्स यांची तऱ्हा आणखी निराळी. त्यांनी तरुणपणी न्यूयॉर्कच्या एका सेमिनरीत दोन वर्षे काढली आणि मग ते मानसशास्त्राकडे वळले. ते गृहस्थाला खोडणार नाहीत, समजूतही घालणार नाहीत. ऐकतील, आणि जे ऐकले ते नीट समजले का हे त्यालाच विचारतील. नुसते ऐकायचे पैसे? असे आपल्यातले कोणीही म्हणेल. पण मयताच्या घरी काय होते ते आठवून पाहा. “देवाची मर्जी”, “सुटले बिचारे”, “आता घरच्यांकडे बघ”. त्या गृहस्थाला आपले वाक्य पुरे करू देणारा एक तरी माणूस तिथे भेटतो का?

या सर्व पद्धतींना एक अवघड प्रश्न विचारता येतो: अपराध खराच घडला असेल तर? यहुदी तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांनी १९५७ साली मानसोपचारतज्ज्ञांपुढे अपराध आणि अपराधीपणाची भावना यांतला फरक मांडला. भावना चुकीची असू शकते, ती हलकी करता येते. पण कोणाचे तरी खरेच नुकसान केले असेल, तर ते माझ्या मनाबाहेर, त्या माणसाच्या आयुष्यात घडलेले असते.

याची उलट बाजू संत इग्नेशियस लोयोला यांनी सोसली. १५२२ साली मान्रेसा येथे, सविस्तर पापनिवेदन केल्यावरही काहीतरी सांगायचे राहिले, या शंकेने ते पछाडले. जीव द्यावा असे मनात येई. आठवडाभर अन्न सोडले, तेव्हा त्यांच्या पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनीच उपास मोडायला लावला. आज अशा शंकांनी गांजलेला माणूस तेच पाप घेऊन पुन्हा पुन्हा कन्फेशनला येत असेल, तर तो मंत्रचळासारखा आजार असू शकतो. त्यावर उपचार आहे. पुन्हा सांगून खात्री करून घेण्याची ओढ आवरायला समुपदेशक त्याला हळूहळू शिकवतो. अशा माणसाला फादरांनीच समुपदेशकाकडे पाठवले, तर त्यात श्रद्धेला कमीपणा नाही.

आता दुसरा गृहस्थ पाहा. तोही म्हणतो, “माझ्यामुळे बाबा गेले.” पण यांना डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले होते. घराचा स्लॅब टाकायचा होता, म्हणून याने ती चिठ्ठी बहिणीला दाखवलीच नाही. वाक्य तेच आहे. याच्या ‘च’वर बोट ठेवून भागणार नाही. चांगला समुपदेशक घाईने दिलासा देत नाही तो यासाठी. आधी त्याला कळायला हवे की समोर कोणता गृहस्थ बसला आहे, आणि ते ऐकल्याशिवाय कळत नाही.

गुप्ततेविषयीही सांगायला हवे. पापनिवेदनाची गुप्तता कोणत्याही कारणासाठी मोडता येत नाही. समुपदेशकही गुप्तता पाळतो, पण कोणाच्या जिवाला धोका असेल तर त्याला बोलावे लागते. लहान मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२ च्या कायद्याने ती कळवणे बंधनकारक आहे. जीव नकोसा झालेल्याने मात्र कोणाकडे जावे याचा विचार करीत बसू नये. सरकारची १४४१६ ही ‘टेलिमानस’ सेवा २०२२ पासून आहे, फोनवर बोलता येते.

दुसऱ्या गृहस्थाला कदाचित दोन्ही दारे ठोठावावी लागतील. प्रायश्चित्त संस्कारात त्याला देवाची क्षमा मिळेल. बहिणीला खरे सांगण्याचे बळ गोळा होईपर्यंत समुपदेशक त्याच्याजवळ बसेल. पण बहिणीच्या वतीने क्षमा करणे दोघांच्याही हाती नाही. तिच्या घरी त्याला एकट्यालाच जावे लागेल.