उघड्या पुस्तकापुढे

माझे आजोबा वाईचे घनपाठी. घरात वेदाची छापील पोथी होती, पण ती समोर ठेवून ते म्हणत असल्याचं मला आठवत नाही. भल्या पहाटे माजघरात बसून, दोन शब्द पुढे, दोन मागे, मग तिसरा त्यात गुंफून, पुन्हा उलट, अशी त्यांची वीण चालायची. एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं त्यांना खपत नसे. पुस्तकात राहिलेली विद्या आणि दुसऱ्याच्या हाती गेलेला पैसा, गरजेच्या वेळी दोन्ही आपले नसतात, अशा अर्थाचं सुभाषित ते आम्हा नातवंडांना ऐकवत. त्याच वाईत, आमच्या घरापासून थोड्या अंतरावर, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोशाचं काम चाललेलं असायचं. पहिला खंड 1976 साली आला. जगातलं सगळं ज्ञान कागदावर आणू पाहणारी माणसं आणि सगळं कंठात ठेवणारे आजोबा, एकाच गावात. लहानपणी मला यात काही विसंगत वाटलं नाही.

त्या आजोबांची नात मी, 49व्या वर्षी, लखनौमध्ये, पुस्तक समोर उघडं ठेवून गणिताची परीक्षा द्यायला बसले.

साताऱ्याला बी.एस्सी. झाले, लग्न करून इकडे आले आणि गणित सुटलं. मुलगी इंजिनिअरिंगला गेली तेव्हा मी बाहेरून एम.एस्सी.ला नाव घातलं. मग कोविड आला. ऑगस्ट 2020 मध्ये दिल्ली विद्यापीठाने शेवटच्या वर्षाच्या परीक्षा घरून, पुस्तक बघून, ऑनलाइन घेतल्या, त्याविरुद्ध मुलं कोर्टातही गेली होती. पुढच्या वर्षी तशीच परीक्षा माझ्या वाट्याला आली. पेपर संगणकावर उघडायचा, उत्तरं हातानं कागदावर लिहायची, फोननं पानं स्कॅन करून एकच पीडीएफ वेळेत चढवायची. शेजारच्या भाभी म्हणाल्या, "किताब सामने, देखने वाला कोई नहीं, फिर टेंशन किस बात का?" मलाही आधी तसंच वाटलं होतं.

तयारीला बसले आणि कळलं की ही परीक्षा जास्त अवघड आहे. 'थिअरम सांगा आणि सिद्ध करा' असं कोणी विचारणारच नव्हतं, कारण ते छापलेलं आहे. विचारणार ते असं, की हे विधान खरं की खोटं? खरं असेल तर सिद्ध करा, खोटं असेल तर एक उदाहरण देऊन खोडा. मी पुस्तकाला रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या, मागच्या कोऱ्या पानावर स्वतःची सूची केली. पण मला खरी मदत झाली ती वेगळ्याच गोष्टीची. सराव करताना मी पुस्तक आतल्या खोलीत पलंगावर ठेवू लागले. उठून जायचं म्हटलं की आधी स्वतःला विचारावं लागे, नेमकं काय बघायचंय? हे सांगता आलं नाही तर उठायचं नाही. बहुतेक वेळा, काय बघायचंय ते नीट सांगता आलं की उठायची गरजच उरत नसे.

चिठ्ठ्या कापून देताना मुलीनं विचारलं, "आई, पुस्तक चालतं, मग मला विचारलेलं का चालत नाही? पुस्तकही दुसऱ्याच कुणीतरी लिहिलंय ना?"

मी म्हटलं, "नियम आहे म्हणून." ते उत्तर तिला पटलं नाही. मलाही नाही.

प्रश्न मोठा होता. माझ्या डोक्यात जे आहे त्यातलं माझं असं किती? एकसमान सांतत्याची व्याख्या मी शोधलेली नाही, ती मला कुणीतरी शिकवली. आजोबांच्या कंठातली एकही ऋचा त्यांची नव्हती. ज्ञान सगळं उसनंच असेल तर पुस्तकाकडून घेतलं आणि पोटच्या पोरीकडून घेतलं यात पाप-पुण्याचा फरक कुठून आला?

या सांतत्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. 'प्रत्येकाला एक आई असते' आणि 'एक आई अशी आहे जी सगळ्यांची आहे', शब्द जवळजवळ तेच, क्रम बदलला की अर्थ कुठल्या कुठे जातो. साधं सांतत्य म्हणजे पहिलं वाक्य: जिथे उभे असाल तिथे, पुरेसं लहान पाऊल टाकलंत तर फलाची, म्हणजे फंक्शनची, किंमत फार उडी मारत नाही; पण किती लहान, ते त्या जागेवर ठरणार. एकसमान सांतत्य म्हणजे दुसरं: एकच मापाचं पाऊल, सगळीकडे चालणारं. आता वर्ग घ्या. 100 वर उभं राहून 0.01 एवढं पाऊल टाका. वर्ग 10000 वरून 10002.0001 वर जातो, दोनाहून जास्त उडी. 1000 वर जाऊन पाऊल आणखी लहान करा, 0.001. उडी पुन्हा दोनाहून जास्तच. पाऊल कितीही बारीक करा, पुढे एक जागा अशी येते की ते कमी पडतं. वर्ग सगळीकडे संतत आहे, पण एकसमान संतत नाही. मला हे पहिल्यांदा खरंच दिसलं त्या रात्री मी कितीतरी वेळ कागदावर आकडे वाढवत बसले होते. शंभर, हजार, लाख. झोप येईना.

परीक्षा 8 जूनला होती, मंगळवार. लखनौत ज्येष्ठातले मंगळवार म्हणजे बडा मंगल. आपल्या पंचांगात तेव्हा अजून वैशाख वद्यच चालू होता, पण इकडे पौर्णिमेला महिना संपतो, म्हणून त्यांचा ज्येष्ठ आपल्या आधी लागतो. एरवी या दिवशी गल्लोगल्ली भंडारे, पुरी-भाजी, सरबत. त्या वर्षी एप्रिलमध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, या शहरानं जे पाहिलं होतं त्यानंतर रस्त्यावर कुणाला उत्साह नव्हता. विद्यापीठाजवळ गोमतीच्या काठी हनुमान सेतूचं मंदिर आहे, परीक्षेच्या दिवसांत पोरं तिथे डोकं टेकवून जातात. मी घरूनच हात जोडले. नवऱ्यानं बळजबरीनं पोहे खायला लावले. आजोबा असते तर त्यांनीही तेच केलं असतं, आणि वर श्वेतकेतूची गोष्ट सांगितली असती.

छांदोग्य उपनिषदातला हा मुलगा बारा वर्षं गुरूकडे राहून, सगळे वेद शिकून, चोविसाव्या वर्षी ताठ मानेनं घरी आला. बापानं, उद्दालकानं, असा प्रश्न विचारला जो त्याला कुणी शिकवलाच नव्हता. पुढे बाप त्याला पंधरा दिवस उपाशी ठेवतो, फक्त पाणी. मग म्हणतो, म्हण ऋचा. एकही आठवत नाही. मोठ्या अग्नीतला काजव्याएवढा निखारा उरावा तसं तुझं झालंय, बाप म्हणतो, जा, जेव. जेवल्यावर सगळं परत येतं. आजोबा ही गोष्ट जेवताना सांगत आणि आम्ही ताटात काही टाकलं की हमखास सांगत. घनपाठ्याच्या तोंडी ही गोष्ट असावी याचं आज मला नवल वाटतं. बारा वर्षांचं पाठांतर पंधरा दिवसांच्या भुकेनं विझतं, हे त्यांना ठाऊक होतं, आणि तरी ते रोज पहाटे उठत.

पेपरात चौथा प्रश्न होता: दोन एकसमान संतत फलांचा गुणाकार एकसमान संतत असतोच का? सात गुण. पुस्तकात बेरजेचं थिअरम होतं. दोन्ही फलं मर्यादित असतील तर गुणाकाराचंही होतं. मर्यादित नसतील तर? मी काहीतरी अवघड, वाकडंतिकडं फल शोधत राहिले. लाइट गेली, इन्व्हर्टरवर पंखा मंदावला, बाहेर लू. शेवटचा तास सुरू झाल्यावर स्कॅनिंगसाठी फोन हातात घेतला आणि वर्गातल्या व्हॉट्सॲप ग्रुपचा एक संदेश पडद्यावर वरून सरकला. मी उघडला नाही. उघडायची गरजच नव्हती, पहिली ओळ दिसत होती: चौथ्यात क्ष गुणिले क्ष घ्या.

एवढंच. क्ष एकसमान संतत आहे, त्यात काही सिद्ध करण्यासारखं नाही. क्ष गुणिले क्ष म्हणजे वर्ग. आणि वर्गाचं काय होतं ते तर मी रात्र जागून पाहिलेलं! पुस्तकात ही दोन्ही पानं होती, मधे वीस-पंचवीस पानांचं अंतर. दोन्ही मला पाठ होती. त्यांच्यामधला 'म्हणून' मात्र पुस्तकात नव्हता, आणि तो जोडायला मी दोन तास बसले होते.

तेव्हा मला मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. पुस्तकाला माझा प्रश्न ठाऊक नसतो. लिहिणारा केव्हाच लिहून गेला. त्याचं वाक्य आणि माझी अडचण यांच्यामध्ये जागा राहते, ती मला चालून जावी लागते. माणसाला प्रश्न सांगितला की ती जागा तो चालतो. उद्दालकाला मुलाचा प्रश्न ठाऊक होता, तरी त्यानं वडाचं फळ स्वतः फोडलं नाही. आण म्हणाला, फोड म्हणाला, काय दिसतं विचारलं. तोच सिद्धान्त नऊ वेळा सांगितला, दर वेळी नवं उदाहरण, आणि मुलगा म्हणत राहतो, पुन्हा सांगा. फळ कुणी फोडलं, यावर सगळं आहे.

आमच्या लखनौत याचा एक मोठा दाखला आहे. 1926 साली विष्णु नारायण भातखंड्यांनी, मुंबईच्या एका वकिलानं, इथे संगीताचं कॉलेज काढलं. घराण्यांच्या बंदिशी जमवून त्यांनी स्वरलिपीत बांधल्या, क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत छापल्या. गळ्यातलं गाणं कागदावर येतं का, म्हणून त्यांच्यावर टीका झाली. मला वाटतं, त्यांनी पुस्तक उघडं केलं आणि गाणाऱ्याची परीक्षा अवघड केली. बंदीश सगळ्यांच्या हातात आल्यावर, तिच्या दोन ओळींमध्ये काय गायचं हे ज्याचं त्याला शोधावं लागतं. गणितातही तेच: भास्कराचार्यांनी बीजगणिताचं बीज म्हणजे निर्मळ बुद्धी असं सांगून ठेवलंय.

मी चौथा प्रश्न कोरा सोडला. पीडीएफ चढवली, कुणाचीही मदत घेतली नसल्याच्या खुणेवर क्लिक केलं, आणि मला स्वतःचा अभिमान वाटला. रात्री तो अभिमान टोचू लागला. श्वेतकेतूही ताठ मानेनंच घरी आला होता. सात गुण मी सत्यासाठी सोडले की स्वतःबद्दलच्या कल्पनेसाठी? घरात पाहणारं कुणी नव्हतं, पण मी मला पाहत होते, आणि ते पाहणं साक्षीचं नव्हतं. मुंडक उपनिषदात एकाच झाडावर दोन पक्षी आहेत, एक फळ खातो, दुसरा नुसता बघतो. शाबासकी देत नाही. मी शाबासकीची वाट बघत होते. याचा उलगडा मला अजून झालेला नाही. अपघातानं दिसलेलं सत्य डोळ्यांआड करणं हेही एक प्रकारचं खोटं नव्हे का, असंही कधी वाटतं.

दहा-बारा दिवसांनी गच्चीवर कपडे वाळत घालताना वाऱ्यानं साडी फुगली. एकामागून एक लाटा, रुंदी तीच, उंची वाढत चाललेली. मी चिमटा हातात धरून उभी राहिले. क्ष गुणिले साइन क्ष! दोन्ही एकसमान संतत, पण गुणाकाराच्या लाटा पुढे पुढे उंच होतात आणि रुंदी तेवढीच राहते, म्हणजे चढ वाढत जातो, म्हणजे कुठलंही पाऊल अखेर कमी पडणार. हे उदाहरण मला कुणी दिलेलं नव्हतं.

खाली येऊन पुस्तक उघडलं, समासात लिहून ठेवावं म्हणून. प्रकरणाच्या शेवटी उदाहरणसंग्रह होता. त्यात तेच छापलेलं होतं, क्ष आणि साइन क्ष, दोघांचा गुणाकार. शेजारी पेन्सिलीनं, मार्चमधल्या माझ्याच अक्षरात, एक शब्द होता: नंतर.