आतून दिसतं, बाहेरून नाही

गेल्या रविवारी भाच्याबरोबर कार ॲक्सेसरीजच्या दुकानात गेलो होतो. त्याने नवी गाडी घेतली आहे, घरात आठ महिन्यांची लेक आहे आणि नागपूरचा उन्हाळा तोंडावर आहे. "मामा, पोरीच्या अंगावर थेट ऊन येतं, काहीतरी करावंच लागेल," तो म्हणाला. खरंच होतं ते. पारा ४५ च्या पुढे गेला की दुपारी उभ्या गाडीचं स्टिअरिंग हातात धरवत नाही, बेल्टच्या बकलाचा चटका बसतो. विदर्भातल्या माणसाने गाडीत जरा सावली मागितली, तर त्याला चैन म्हणता येणार नाही.

दुकानदाराने फिल्मचे नमुने काढले. त्यातला सगळ्यात काळा तुकडा काचेवर धरून म्हणाला, "ही घ्या भाऊ. आतून सगळं दिसतं, बाहेरून काहीच नाही."

ते वाक्य आठवडाभर मनातून गेलेलं नाही. आम्ही ऊन अडवायला गेलो होतो आणि उन्हाबद्दल तो एक शब्दही बोलला नव्हता.

मीही एकेकाळी हीच फिल्म घेतली होती. पुढच्या काचेलासुद्धा, वरपासून खालपर्यंत. एका संध्याकाळी सिग्नल नसलेल्या चौकात एक म्हातारे गृहस्थ हातात भाजीची पिशवी घेऊन रस्ता ओलांडायला उभे होते. मी गाडी हळू केली आणि "या, या" अशी हाताने खूण केली. ते जागचे हलले नाहीत. मी पुन्हा खूण केली. शेवटी त्यांना जायचं नसेल असं समजून मी क्लच सोडला आणि नेमकं त्याच क्षणी त्यांनी पाऊल टाकलं. ब्रेक लागला, गाडी त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबली. ते माझ्याकडे बघत होते. म्हणजे मला तसं वाटलं. त्यांना दिसत होती फक्त काळी काच. माझा हात, माझा चेहरा, माझी दिलगिरी, यातलं काहीही त्यांच्यापर्यंत पोहोचलं नाही.

आपल्या रस्त्यांवर सिग्नलपेक्षा डोळे जास्त काम करतात. पायी चालणारा आधी गाडीकडे नव्हे, चालवणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. याने मला पाहिलं का, हा थांबणार का, हे त्याला तिथे वाचायचं असतं. काळी फिल्म लावणारा त्याच्याकडून हा आधार काढून घेतो. स्वतःला मात्र सगळं दिसत राहतं, म्हणून आपण काही काढून घेतलंय हे त्याच्या ध्यानातही येत नाही. माझ्याही आलं नव्हतं.

आता उन्हाबद्दल. उन्हाच्या ऊर्जेतला जवळपास निम्मा वाटा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांचा असतो. स्वस्त रंगीत फिल्म मुख्यतः उजेड अडवते. ती स्वतः तापते, काच तापवते आणि त्यातली काही उष्णता आत सोडते. काही वर्षांनी ती जांभळी पडते. सिरॅमिक फिल्म मात्र जवळपास पारदर्शक असूनही अवरक्त किरण बऱ्याच प्रमाणात रोखते. ती कितीतरी महाग आहे, हे खरं. पण गारवा आणि काळेपणा या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि दुकानात त्या एकच म्हणून विकल्या जातात. गारवा हवा असेल तर गारव्याचे पैसे द्यावेत. काळेपणाचे देत असू, तर तो आपल्याला कशासाठी हवा आहे, हे स्वतःला विचारावं.

एक उत्तर मला हलकं वाटत नाही. ऑफिसातल्या एक सहकारी म्हणाल्या होत्या, "सिग्नलला गाडी थांबली की शेजारचे बाइकवाले आत टक लावून बघतात. तुम्हाला नाही कळणार." हे त्या रोज सोसतात. तरीही मला १६ डिसेंबर २०१२ ची, सामूहिक बलात्कार झाला ती दिल्लीतली बस आठवते. काळ्या काचा, वर पडदे, आणि ती बस राजधानीच्या वाहत्या रस्त्यांवरून फिरत होती. बाहेरच्या वाईट नजरा थोपवणारी काच आत काय चाललंय हे बघू शकणाऱ्या भल्या नजराही थोपवते.

त्याच वर्षी २७ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने अविषेक गोएंका यांच्या याचिकेवर निकाल देऊन गाड्यांच्या काचांवर काळी फिल्म लावायला मनाई केली होती. सूट फक्त झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांना. मोटार वाहन नियमांतली मर्यादा १९८९ पासूनच आहे: पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड पार व्हायला हवा. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या दुरुस्तीचा आधार घेऊन केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये या मर्यादेत बसणारी फिल्म चालेल, असं म्हटलं. पण २०१२ चा निकालही कायम आहे आणि आपल्याकडचा पोलीस त्यावर बोट ठेवू शकतो.

इथे एक हिशेब पक्का लक्षात ठेवा. गाडीची मूळ काचच ७० टक्के उजेड सोडत असेल आणि तिच्यावर '७०' ची फिल्म लावली, तर उरतो ४९ टक्के. दुकानदार फिल्मचा आकडा सांगतो, काचेचा सांगत नाही. दोन्ही मिळून मीटरवर मोजून मागा.

जून २०२३ मध्ये आमच्या नागपुरात तीन लहान मुलं घराजवळच उभ्या असलेल्या गाडीत अडकून दगावली. तेव्हापासून बंद गाडीजवळून जाताना मी काचेला हाताचा आडोसा करून आत डोकावतो. काळ्या काचेतून काही दिसत नाही.

हे सगळं मी भाच्याला तिथेच सांगितलं. त्याने नमुने परत दिले आणि मीटर मागितला. मूळ काच ७८ निघाली. वर '८५' ची पारदर्शक सिरॅमिक धरल्यावर आकडा ६६ आला. मागच्या दोन दारांना तेवढी लावून घेतली. पोलिसाने अडवलं तर वाद घालायचा नाही, बिल आणि मोजणीचा कागद दाखवायचा, तरीही काढ म्हणाला तर काढायची, असं आमचं ठरलं आहे. पोरीची सीट मधे सरकवली. गाडी उन्हात उभी असेल तर बसण्याआधी दोन मिनिटं चारही दारं उघडी ठेवायची, हे तर फुकटच आहे.

तुमच्या गाडीला काळी फिल्म असेल तर ती या रविवारी काढा. हेअर ड्रायरने कोपरा गरम करा, नखाने सोडवा आणि सावकाश ओढत न्या. चिकटा राहिला तर साबणाच्या पाण्याने निघतो. मागच्या काचेवर डिफॉगरच्या तारा असतात, तिथे ब्लेड लावू नका.