उभी गाडी

पाव मैल सरळ रस्ता, दोन गाड्या, तेरा-चौदा सेकंदांत शर्यत संपते. डेट्रॉइटजवळ नोकरी करणाऱ्या भाच्याने मला मिशिगनमधल्या अशा एका ड्रॅग स्ट्रिपवर नेलं, तेव्हा मी नाखुशीनेच गेलो होतो. तिथे १९६० आणि ७०च्या दशकांतल्या अमेरिकन ‘मसल कार’ धावत होत्या, त्याही कारखान्यातून निघाल्या त्याच रूपात. अरुंद टायर जागच्या जागी फिरत, धूर काढत.

दुपारी १९७०ची एक शेव्हेल, ४५४ घनइंचाचं एलएस-६ इंजिन, कागदोपत्री ४५० हॉर्सपॉवर, निम्म्या वाटेत ठणकन आवाज करून थांबली. खाली तेल पसरलं. शेजारचा म्हातारा हळूच म्हणाला, “ब्लॉक मूळचा होता.” ब्लॉकवर गाडीच्या क्रमांकाचे आकडे ठोकलेले असतात, ते जुळले तर संग्राहक भरमसाट पैसे मोजतो. दुसरा ब्लॉक मिळतो, ते आकडे मिळत नाहीत. सत्तरीचा मालक बॉनेट उघडून बराच वेळ आत बघत उभा राहिला.

“मामा, अशी वस्तू पळवायचा याला हक्क काय?” भाचा चिडला होता.

मला आमच्या घरचा तंबोरा आठवला. आजोबांनंतर तो भिंतीवर टांगला गेला आणि मुका झाला. पण ही तुलना पुरी पडत नाही. वाजवण्याने तंबोऱ्याचं फारसं काही जात नाही. इंजिन मात्र प्रत्येक धावेत थोडं संपतं. इथे वापरणं आणि गमावणं एकच आहे, हे भाच्याचं म्हणणं मला मान्य करावं लागतं. प्लिमथची १९७१ची हेमी कुडा कन्व्हर्टिबल जेमतेम डझनभर बनली. २०१४मध्ये एकीला लिलावात ३५ लाख डॉलर आले. तिचा मालक उद्या ती पळवून फोडणार असेल, तर मीही त्याचा हात धरीन. डझनातली एक वस्तू एकट्याची नसते. शेव्हेल मात्र हजारोंतली होती.

आणि १९६९च्या कॅमारो झेडएल-१चं काय? अ‍ॅल्युमिनियम ब्लॉकच्या या ६९ गाड्या शर्यतीसाठीच बनल्या. किंमत सात हजार डॉलरच्या वर, म्हणून कित्येक विक्रेत्यांकडे पडून राहिल्या. तेव्हा कुणी घेईना, आता कुणी चालवू धजत नाही. गाडी तीच.

‘पुढच्या पिढीसाठी’ हे शब्द फार सहज वापरले जातात. फिलाडेल्फियाचे न्यूरोसर्जन फ्रेड सिमोन यांनी जुन्या रेसिंग गाड्यांचं संग्रहालय उभारलं. तिथे गाड्यांचे ओरखडे, उडालेला रंग तसाच ठेवतात, आणि ठरावीक दिवशी लोकांसमोर त्या चालवूनही दाखवतात. याला मी राखणं म्हणेन. कुलूपबंद शेडमध्ये भाव वाढायची वाट पाहणारा पुढच्या पिढीसाठी काय ठेवतो? शेव्हेलवाल्याने निदान आम्हा अनोळखी माणसांना तो आवाज ऐकवला. छातीत बसतो तो, कानात नाही.

परतताना भाच्याने त्याच्या ओळखीच्या एका संग्राहकाची गोष्ट सांगितली. नऊ गाड्या, आवरणाखाली, आर्द्रता मोजणारं यंत्र वगैरे.

“इंजिनं कधी सुरू केली होती?” मी विचारलं.

तो थोडा वेळ गाडी चालवत राहिला. “विचारलं नाही,” म्हणाला.